सेकंदाला एक थेंब

भिवपुरीत 1922 पासून सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी नळांतून खाली कोसळून टाटांच्या वीजघरात वीज तयार करतं. दक्षिणेला खोपोलीतून 40 टनांचा ट्रक बोरघाट चढू लागतो, तेव्हा हाच व्यवहार उलटा होतो. एवढं वजन अर्धा किलोमीटर वर न्यायला, नुसत्या उंचीपुरती, 54 युनिट ऊर्जा लागते.

डिझेलमधली सुमारे 40 टक्केच ऊर्जा कामी येते. म्हणजे या चढाला निदान 14 लीटर डिझेल जळतं आणि त्याची साधारण चौथाई उष्णता कूलंटमध्ये उतरते. तेवढ्या उष्णतेत 400 लीटर पाण्याला उकळी फुटेल. ट्रकमध्ये कूलंट असतं 40 लीटरच्या आसपास! तेच कूलंट वॉटर पंप मिनिटाला पाच-सात वेळा इंजिन आणि रेडिएटरमधून फिरवतो. रेडिएटरचं झाकण 0.7 बार जादा दाब धरतं, त्यामुळे पाणी 100 ऐवजी 115 अंशांना उकळतं. गळती लागली की हा दाबही जातो.

सेकंदाला एक थेंब गळतोय असं समजा. 20 थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे 4.3 लीटर. दहा दिवसांत सगळं कूलंट संपलं.

मग वाटेत साधं पाणी ओतलं जातं आणि खरं नुकसान तिथे सुरू होतं. 1,500 आरपीएमला एका सिलिंडरमध्ये तासाला 45,000 वेळा डिझेल पेटतं. दर वेळी सिलिंडरचं अस्तर, म्हणजे लायनर, थरथरतो. त्याच्या बाहेरच्या, कूलंटकडच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटताना हजारो बार दाबाने लोखंड टोचत राहतात. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरून त्याला वाचवतात. साध्या पाण्याने ती विरळ होतात. बाहेरची गळती अशी झाकत राहिलं, तर आत लायनरला सुईएवढं भोक पडतं.

म्हणून गाडी पाणी खाऊ लागली की इंजिन थंड असताना प्रेशर टेस्टर लावावा, झाकणावर लिहिलेला दाब भरावा आणि पंधरा मिनिटं काटा पाहावा. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली, तर होज, क्लिप, रेडिएटर किंवा वॉटर पंप. बाहेर सगळं कोरडं, पण ऑइल दुधाळ किंवा धूर पांढरा असेल, तर हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा लायनर. रेडिएटरमध्ये हळद टाकल्याने त्याचं भोक तात्पुरतं बुजतं, पण त्याच्या बारीक नळ्याही बुजतात. होज आणि क्लिप बदलणं तासाभराचं काम. लायनरसाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं. ही पंधरा मिनिटं खोपोलीतच द्या, घाटात नको.