ठिबकच्या नळीतलं बिऱ्हाड

रावेर-यावलच्या केळीबागेत मे महिन्यात ओळीच्या टोकाकडची चार-दोन झाडं मान टाकतात आणि अलीकडची हिरवीगार राहतात, तेव्हा दोष बहुधा ठिबकच्या नळीत असतो. ‘ड्रिपर चोक झालाय’ म्हणत शेतकरी टिचकी मारतो, तारेनं टोचतो. (टोचू नये, आतली वाट कायमची बिघडते.) पाणी सुरू होतं आणि काही दिवसांत पुन्हा बंद पडतं. कारण आत नुसता गाळ नसतो, जिवाणूंनी बिऱ्हाड थाटलेलं असतं. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी मोठ्या प्रमाणात याच काळ्या नळ्यांवर पोसली जाते, म्हणून हे बिऱ्हाड नीट ओळखायला हवं.

ड्रिपरमधली पाण्याची वाट नागमोडी आणि जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते. नेहमीच्या 120 मेश जाळीची छिद्रं साधारण 125 मायक्रॉनची, आणि जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा. फिल्टर कितीही घासला तरी तो आत जाणारच.

आत सगळं आयतं असतं. काळ्या नळीत उजेड शिरत नाही म्हणून शेवाळ वाढत नाही, पण या जिवाणूंना उजेड लागतच नाही. उन्हानं नळी तापते, पंप बंद झाला की कोमट पाणी तसंच थांबतं, आणि ठिबकमधून खत सोडलं की खाद्यही पोहोचतं. नळीच्या भिंतीला चिकटलेला जिवाणू स्वतःभोवती चिकट द्रव सोडतो. जाळीतून सुटलेले चिकणमातीचे कण एरवी पाण्याबरोबर बाहेर पडले असते, ते या थरात रुततात. टोकाकडे प्रवाह मंद, म्हणून तिथली झाडं आधी उपाशी.

बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर दुखणं वाढतं. विरघळलेल्या लोहाचं लोहजिवाणू न विरघळणाऱ्या लोहात रूपांतर करतात आणि तांबूस, गिळगिळीत साका जमतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या निकषांत लिटरला 0.1 मिलिग्रॅम लोहापासून चोकअपचा धोका सुरू होतो आणि 1.5 च्या पुढे तो गंभीर होतो. जिवाणूंसाठी हेच आकडे मिलिलिटरमागे 10,000 आणि 50,000 असे आहेत.

उपायाआधी निदान. ओळीतल्या नळीच्या (लॅटरलच्या) टोकाची एंड कॅप काढून पहिलं पाणी ओंजळीत घ्या आणि त्यातला गाळ बोटांत चोळा. करकर लागली तर रेती-माती, बुळबुळीत लागला तर जिवाणू. ड्रिपरवरच्या पांढऱ्या खरपुडीवर आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर ते क्षार. आपल्याकडे सरसकट आम्ल सोडायची सवय आहे. त्यानं क्षार विरघळतात, चिकट थर मात्र बराचसा तसाच राहतो. त्याला क्लोरीनच हवं.

इथेही पाण्याचा सामू आडवा येतो. सामू 7 असताना क्लोरीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जिवाणू मारणाऱ्या रूपात असतो, 8 झाला की जेमतेम पाव. काळ्या मातीतल्या विहिरींचं पाणी बहुधा अल्कधर्मी, त्यामुळे क्लोरीनसाठी वापरलेली तीच ब्लीचिंग पावडर तिथे कमी लागू पडते. पण म्हणून आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कालवू नका, विषारी वायू निघतो. पावडरीची निवळी तेवढी वापरा, साका नळीत गेला तर तोच अडकतो. त्या पाळीत खत सोडू नका, युरिया-अमोनियम क्लोरीन खाऊन टाकतं. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात 1 ते 2 पीपीएम क्लोरीन उरलं, तर मात्रा पोहोचली असं समजा.

क्लोरीनचं पाणी नळीत मुरवून ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्या एंड कॅप उघडून जोरात फ्लश करायचं. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. ती गाळली की मेलेला थर भिंतीवरून सुटतो आणि थेट ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. मग ‘औषधानं उलट जास्त चोक झालं’ अशी तक्रार येते. पाण्याला सेकंदाला निदान 30 सेंटिमीटर वेग हवा, म्हणून एका वेळी थोड्याच नळ्या उघडाव्यात.

लोहाचं पाणी असेल तर ते नळीत जाण्याआधीच उंचावरून शेततळ्यात पाडावं. हवा लागून लोह तळाशी बसतं. तळ्यावर ऊन पडतं म्हणून शेवाळ येईल, तेव्हा पंपानंतर जाळीच्या आधी सँड फिल्टर लागेलच.