घरच्या कळपात कडकनाथाची भर घालताना

खेड्यातील घराच्या परसात आठ-दहा गावरान कोंबड्या असणे ही जुनी रीत होय. उकिरड्यावरील किडे, खळ्यात सांडलेले दाणे व संध्याकाळची मूठभर कणी एवढ्यावर त्या पोसल्या जातात. त्यांची अंडी व तलंगा विकून येणारा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्याच हाती राहतो. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, आजारपणातील औषध असे खर्च त्यातून भागतात. अशा कळपात शुद्ध जातीचे पक्षी आणावयाचे ठरल्यास जुन्या कळपाचा विचार आधी करावयास हवा. नवा पक्षी दगावला तर त्याची किंमत जाते. त्याच्यासोबत रोग आला तर सारे खुराडे रिकामे होते.

महाराष्ट्रात कडकनाथ जातीस मागणी आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या भागांतील आदिवासी कुटुंबांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिकडे तिला कालीमासी म्हणतात. झाबुआच्या कडकनाथाच्या काळ्या मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या जातीची कातडी, मांस व हाडेही काळसर असतात. अंडे मात्र फिकट तपकिरी असते. काळ्या अंड्यांची गोष्ट सांगणाऱ्या विक्रेत्यास दुरूनच नमस्कार करावा. कडकनाथ कोंबडी वर्षाकाठी शंभराच्या आतबाहेरच अंडी देते. तेव्हा केवळ अंड्यांसाठी ही जात घेण्यात विशेष लाभ नाही.

खरेदी शक्यतो खात्रीच्या उबवणी केंद्रातून करावी. आठवडे बाजारात अनेक गावांचे पक्षी एकाच डालग्यात कोंबलेले असतात. तेथे एकाचा रोग दुसऱ्यास लागण्यास वेळ लागत नाही. डोळे तेजदार, नाक कोरडे, शेपटीखालची पिसे स्वच्छ व पायांवरील खवले गुळगुळीत असलेले पक्षीच निवडावेत. एकटीच तलंग कधी आणू नये. जुन्या कोंबड्या तिला एकटी गाठून चोचीने बेजार करतात.

मुख्य धोका राणीखेतचा, म्हणजेच मानमोडीचा. हा रोग विषाणूमुळे होतो व त्यावर इलाज नाही. लस टोचणे एवढाच उपाय आहे. लागण झालेला पक्षीही पहिले काही दिवस धडधाकट दिसू शकतो, आणि फसगत होते ती येथेच. म्हणून नवे पक्षी आणण्यापूर्वी दोन-तीन आठवडे जुन्या कळपास लस टोचून घ्यावी. आठ आठवड्यांपुढील पक्ष्यांना द्यावयाच्या लशीची एक कुपी बहुधा शंभर पक्ष्यांपुरती असते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार, या विचाराने लस राहून जाते. आळीतील चार-सहा घरांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती बर्फात आणवावी व कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी, हे उत्तम. सकाळी पक्षी मोकळे सोडण्यापूर्वीच हे काम उरकावे. एकदा पांगल्यावर ते हाती लागत नाहीत.

नवे पक्षी किमान तीन आठवडे, जमल्यास महिनाभर, घराच्या दुसऱ्या अंगास वेगळे ठेवावेत. त्यांचे पाण्याचे भांडे निराळे असावे. दाणा-पाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. नंतर हातपाय धुतल्याविना जुन्या खुराड्याकडे जाऊ नये. याच काळात पिसे उलटवून उवा पाहाव्यात. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, धाप अशी लक्षणे दिसताच, अथवा पक्षी अचानक मरू लागताच, दवाखान्यास कळवावे. मेलेला पक्षी उघड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा. आजारी पक्षी घाईने बाजारात विकणे म्हणजे शेजारच्या गावाचे नुकसान करणे होय.

मुदत निर्वेध पार पडल्यावर आठवडाभर दोन्ही कळप जाळीआडून एकमेकांस दिसू द्यावेत. पुढे एका रात्री, अंधार पडल्यावर, नव्या तलंगांना जुन्यांशेजारी दांड्यावर बसवावे. सकाळी थोडी मारामारी होईल. कोंबड्यांत मानाची पायरी चोचीनेच ठरते. रक्त निघाले तरच मध्ये पडावे व जखमी पक्षी लगेच बाजूस काढावा, कारण रक्त पाहून बाकीच्या तेथेच टोचत राहतात. दाण्याची भांडी मात्र दोन-तीन ठिकाणी ठेवावीत.

शुद्ध पिले हवी असतील त्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. कोंबड्याशी संग झाल्यावर दोन-तीन आठवडे कोंबडी सफल अंडी देत राहते. म्हणून कळपात मिसळलेल्या कडकनाथ कोंबड्यांना उबवणीच्या अंड्यांसाठी त्यांच्याच जातीच्या कोंबड्यासह पुन्हा बंदिस्त ठेवून पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खाण्यास वापरावीत. शेजारचा कोंबडा कुंपण जुमानत नाही, हेही ध्यानात असावे. गावरानाशी झालेल्या संकराची पिलेही पुष्कळदा काळसर निघतात. तेव्हा काळा रंग हा शुद्धतेचा पुरावा नव्हे.

कडकनाथ कोंबडी क्वचितच नीट खुडूक बसते. तिची अंडी पेन्सिलीने खूण करून गावरान खुडुकीखाली ठेवावीत, दहा-बारा पुरेत. एकविसाव्या दिवशी पिले निघतात, व घारीची सावली दिसताच त्यांना पंखाखाली घेण्याचे काम तीच गावरान कोंबडी करते.