दशमांश : ख्रिस्ती दानाचे एक माप

आपल्या ख्रिस्ती मित्रांच्या बोलण्यात ‘दशमांश’ हा शब्द पुष्कळदा येतो. उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कार्यासाठी बाजूला काढावयाचा, एवढा त्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु हा भाग मुळात कोणी कोणाला द्यावयाचा होता, ह्याचा विचार सहसा होत नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात दशमांशाला कायद्याचे रूप आले. इस्राएलाच्या वंशांना जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नाही. त्याच्या निर्वाहासाठी इतरांनी पिकाचा दहावा भाग द्यावा असे ठरले. आपल्याकडे खळ्यावर बलुतेदाराच्या पदरात धान्य पडे, त्याची येथे आठवण होते. मात्र लेव्यांनाही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश याजकांना द्यावा लागे. ‘अनुवाद’ ह्या ग्रंथातील तरतूद तर फारच लक्षणीय आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवावयाचा आणि तो लेवी, परदेशी, अनाथ व विधवा ह्यांनी पोटभर खावयाचा. इतर वर्षी घरच्या मंडळींनी तो घेऊन देवासमोर जावयाचे आणि आनंदाने जेवावयाचे! धर्माचा कर म्हटला की जो रुक्षपणा डोळ्यांपुढे येतो, तो येथे नाही.

हा दशमांश सांगितला आहे तो धान्य, द्राक्षारस, तेल, फळे आणि गुरेमेंढरे ह्यांचा, मजुरीचा नव्हे. ज्याला शेत नाही, कळप नाही, तो देणाऱ्यांच्या नव्हे तर घेणाऱ्यांच्या रांगेत होता. मलाखी संदेष्ट्याच्या वचनाचा आधार घेऊन रोजंदारीवरच्या बाईकडूनही दहावा रुपया मागणारे काही उपदेशक असतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे असे मला वाटते. दर सर्वांना सारखा असला तरी भार सारखा नसतो. पगारदाराचा दहावा हिस्सा गेला तर त्याची बचत घटते, मजुराचा गेला तर संध्याकाळचे तेलमीठ जाते.

येशूने दशमांश निषिद्ध ठरवला नाही. पुदिना, शोप आणि जिरे ह्यांचाही दहावा भाग काटेकोरपणे मोजणाऱ्या परूश्यांना त्याने एवढेच सुनावले, की न्याय, दया व विश्वास तुम्ही सोडून दिलेत. मंदिराच्या भांडारात दोन क्षुद्र नाणी टाकणाऱ्या विधवेचे दान त्याने सर्वांत मोठे मानले, कारण तिने मागे काहीच ठेवले नव्हते. दानाचे आवाहन करताना हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. पण मार्काच्या शुभवर्तमानात त्याच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध आहे. तो मात्र क्वचितच ऐकू येतो.

यरुशलेमातील गरिबांसाठी वर्गणी जमवताना पौलाने करिंथकरांना टक्केवारी सांगितलीच नाही. ज्याच्यापाशी जे असेल त्या मानाने, जुलमाने नव्हे तर मनापासून द्यावे, आणि एकाच्या विपुलतेतून दुसऱ्याची उणीव भरून समानता यावी, असा त्याचा आग्रह होता.

पुढे युरोपात दशमांश राजसत्तेच्या बळावर वसूल होऊ लागला. इंग्लंडमध्ये शेतातील दहावी पेंढी चर्चसाठी जाई. तो देण्यास नकार देणाऱ्या क्वेकरांनी तुरुंगवासही भोगला. १८३६ च्या कायद्याने तेथे धान्याऐवजी रोख रक्कम आली. फ्रान्समध्ये तर १७८९ च्या क्रांतीने तो रद्दच केला.

ह्याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. मिझोराममध्ये १९१० च्या सुमारास चर्चमधील स्त्रियांनी ‘बुहफाय थाम’ म्हणजे मूठभर तांदळाची प्रथा सुरू केली. स्वयंपाकाच्या वेळी घरातील बाई एक मूठ तांदूळ वेगळा काढते. हा तांदूळ स्त्रिया गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा चर्चच्या कार्याकडे जातो. डोंगराळ खेड्यांतील ज्या बायकांच्या हाती रोख पैसा क्वचितच येई, त्यांना ह्यामुळे देणाऱ्यांत जागा मिळाली. ही मूठ तेथे आजही काढली जाते.