दिव्यांग मुलांचं शिक्षण : ‘प्रगती होईल’ एवढं लिहून भागत नाही

शाळेच्या फाईलमध्ये ‘विद्यार्थ्याचे वाचन सुधारेल’ असं वाक्य दिसलं की पालकांना बरं वाटतं. बाईंचं आपल्या मुलाकडे लक्ष आहे, असं वाटतं. पण किती सुधारेल, केव्हापर्यंत, कोण शिकवणार, यातलं काहीच त्यात नसतं. मग मार्चमध्ये ते सुधारलं की नाही, हे कोण सांगणार? मूल पुढच्या वर्गात जातं आणि तेच वाक्य पुन्हा लिहिलं जातं. आपल्या राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तिथे पोचल्यावर जाग आली तर हातातली चार वर्षं गेलेली असतात.

यावरचा उपाय म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, ज्याला विशेष शिक्षक ‘आयईपी’ म्हणतात. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने तो सक्तीचा झाला. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदानाच्या आणि मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात, वैयक्तिक मदत करावी आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं. म्हणजे मान्यता असलेली खासगी शाळाही यात आली. शाळेकडे लेखी उद्दिष्टं मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नाही.

सुरुवात कुठून?

आज मुलाला काय येतं, इथून. ‘अभ्यासात कच्चा आहे’ हे उत्तर चालणार नाही. ‘वीसपर्यंत मोजतो, पण दहाच्या पुढची बेरीज करत नाही’ हे चालेल.

पिंपरी-चिंचवडमध्ये इथे एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे घरची भाषा. आपल्या कितीतरी घरांत दखनी किंवा हिंदी-उर्दू बोलतात आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी माध्यमाची असते. मूल सूचना समजत नाही म्हणून गप्प आहे की भाषा समजत नाही म्हणून, हे आधी तपासायला हवं. तीच सूचना घरच्या भाषेत देऊन बघा आणि फरक दिसला तर शाळेला सांगा. मूल मक्तबमध्ये जात असेल तर तिथल्या उस्तादांनाही विचारा. तिथे ते किती वेळ बसतं, ऐकून पाठ करतं की बघून, ही माहिती शाळेच्या कामाची आहे.

चांगल्या उद्दिष्टात काय असतं?

पाच गोष्टी : मूल काय करेल, कुठल्या परिस्थितीत, किती प्रमाणात, केव्हापर्यंत आणि नोंद कोण ठेवणार.

‘वाचन सुधारेल’ याऐवजी असं लिहा : ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, काना-मात्रा नसलेले २० शब्द पट्टीवर दाखवले तर मुलगी १६ शब्द मदतीशिवाय वाचेल. सलग तीन दिवस जमलं की उद्दिष्ट पूर्ण. नोंद वर्गशिक्षिका ठेवतील.’

बोलता न येणाऱ्या मुलासाठी : ‘तहान लागल्यावर मुलगा पाण्याचं चित्रकार्ड बाईंच्या हातात देईल, पाचपैकी चार वेळा, कुणी आठवण न करता.’ हेसुद्धा शिक्षणच आहे. हात धुणं, डबा उघडणं, सुट्टे पैसे ओळखणं, ही उद्दिष्टंही आराखड्यात बसतात.

एका वेळी तीन-चार उद्दिष्टं पुरेत. वीस लिहिली तर एकही नीट होत नाही.

घरचा वाटा

चाकण-भोसरीच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या अब्बूंना रोज तासभर शिकवायला जमणार नाही, हे उघड आहे. म्हणून आराखड्यात घरचं काम दहा मिनिटांचंच ठेवा आणि ते कोण करणार, तेही लिहा : अम्मी, दादी की मोठी बहीण. न जमणारं काम कबूल करू नका.

कुणाला भेटायचं?

आधी वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक. समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षकांची तरतूद आहे, ते आपल्या शाळेत कोणत्या दिवशी येतात, हे विचारा. प्रमाणपत्रासाठी वायसीएम रुग्णालय आणि माहितीसाठी मोरवाडीचं महापालिकेचं दिव्यांग भवन आहे. यूडीआयडी कार्डही काढून घ्या. पण कार्ड येईपर्यंत शिकवणं थांबवायचं कारण नाही. ४० टक्क्यांची अट ६ ते १८ वयाच्या मोफत शिक्षणाच्या कलम ३१ ला आहे, मदतीच्या कलम १६ ला नाही.

बैठकीनंतर आराखड्याची सहीची प्रत घ्या आणि दर तीन महिन्यांनी तो उघडून बघा. उद्दिष्ट गाठलं असेल तर पुढचं लिहा. गाठलं नसेल तर मुलावर खापर फोडण्याआधी विचारा : पायरी फार मोठी होती का, शिकवायची पद्धत चुकली का, की ठरलेली मदत मिळालीच नाही? उत्तर मिळेल तसा आराखडा बदला. तो बदलण्यासाठीच असतो.

काही घरांत मुलाचं दिव्यांगत्व लपवलं जातं. लोक काय म्हणतील, बहिणीच्या रिश्त्याला अडचण येईल, ही भीती आम्हाला ठाऊक आहे. पण लपवलेल्या मुलासाठी शाळा काहीच लिहू शकत नाही, आणि त्याची शिकायची वर्षं मात्र कुणासाठी थांबत नाहीत.