बाथरूम नवं केलं आणि गटाराचा वास सुरू झाला?

"डॉक्टर, बाबांना सकाळी मळमळतं, डोकं जड होतं. खाली फेरी मारून आले की बरं वाटतं." गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आपल्या वयस्कर वडिलांना घेऊन आला होता. बीपी, साखर ठीक. पण 'बाहेर गेलं की बरं वाटतं' हे ऐकल्यावर मी आधी गॅस गीझर आहे का ते विचारलं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि तो जीव घेतो. गीझर विजेचा होता. मग कळलं की काकांना खाली बसता येत नाही म्हणून दोन महिन्यांपूर्वी बाथरूम नवं केलं होतं. कमोड बसवला आणि कोपऱ्यात एक जादा बेसिन. तेव्हापासून वास येत होता.

बेसिन, कमोड, जमिनीवरची जाळी (नहाणी ट्रॅप) या प्रत्येकाखाली थोडं पाणी कायम अडून राहतं. साधारण ५० मिलिमीटरचा हा पाण्याचा पडदाच गटारातली हवा घरात येऊ देत नाही. फ्लश केल्यावर पाणी पाइपमधून वेगाने खाली जातं आणि मागे हवा खेचतं. ही हवा गच्चीपर्यंत गेलेल्या व्हेंट पाइपमधून मिळायला हवी. तो नसेल, कापला गेला असेल किंवा नवं बेसिन त्यालाच जोडलं असेल, तर हवा जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि तिथलं पाणीही सोबत जातं. फ्लशनंतर जाळीतून 'गुडगुड' आवाज येतो तो याचाच. काकांच्या घरी नेमकं हेच झालं होतं. बेसिनचं पाणी व्हेंटमध्ये सोडलं होतं. टाइल्स मात्र सुंदर होत्या.

गटारातल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. घरात तो सहसा अगदी थोडा असतो. त्याने डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची जळजळ होते आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढू शकतो. वासाने टायफॉइड होत नाही, ती भीती काढून टाका. मात्र कोरड्या ट्रॅपमधून झुरळं येतात, आणि क्वचित त्याहून वाईटही काही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सचे ३०० हून अधिक रुग्ण सापडले. तपासात दिसलं की अनेक घरांतले जमिनीवरचे ट्रॅप कोरडे पडले होते आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे सांडपाण्याच्या पाइपमधली दूषित हवा आत ओढत असावेत.

घरच्या घरी एवढं करून बघा. जाळीत दोन तांबे पाणी ओता. वास थांबला आणि फ्लश केल्यावर परत आला, तर हवेची ओढ आहे. प्लंबरला व्हेंट तपासायला सांगा. वापर नसताना आठ-पंधरा दिवसांनीच वास येत असेल, तर पाणी नुसतं सुकतंय. आठवड्यातून एकदा पाणी ओतणं पुरे. पाणी ओतूनही वास थांबतच नसेल, तर एखादा सांधा गळत असेल किंवा कमोड नीट बसलेला नसेल. गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना कोणी व्हेंटचं तोंड बंद केलं नाही ना, हेही बघून या. त्या तोंडाला बारीक जाळी मात्र हवी, नाहीतर सेप्टिक टँकमधून डास येतात.

वास घालवायला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. खोकून बेजार झालेली माणसं मी या एका कारणाने पाहिली आहेत. डांबरगोळ्यांनी वास झाकला जातो, पाइप दुरुस्त होत नाही.

काकांच्या बेसिनला वेगळा ट्रॅप बसवून त्याचं पाणी मुख्य पाइपला जोडलं आणि व्हेंट मोकळा केला. चार दिवसांत मळमळ गेली. पण डोकेदुखीसोबत चक्कर, गोंधळल्यासारखं वागणं, छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल, तर प्लंबरची वाट न पाहता रुग्णाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये स्वतः उतरू नका, कामगारालाही उतरवू नका. तिथे वायूचं प्रमाण जास्त असलं तर नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं.