विश्लेषण : कंपनीच्या ईमेलवरचा ‘स्पॅम’ दारातच का अडवायचा?

‘आमचे बँक खाते बदलले आहे, या महिन्याचे पैसे नव्या खात्यात भरा,’ असा ईमेल नेहमीच्या पुरवठादाराकडून लेखा विभागात येतो. नाव ओळखीचे, पत्ताही तोच. पैसे मात्र भामट्याच्या खात्यात जातात. असे ईमेल सर्व्हरवर कसे रोखले जातात, त्याविषयी...

खोट्या नावाने ईमेल जातो कसा?

ईमेलची देवाणघेवाण ‘एसएमटीपी’ या नियमावलीनुसार होते. ती १९८२ मध्ये आली, तेव्हा नेटवर्कवर मोजक्याच संस्था होत्या आणि परस्परांवर विश्वास गृहीत होता. टपालाच्या पाकिटामागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसा येथे पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचाही पत्ता टाकता येतो.

सर्व्हर खरे-खोटे कसे ओळखतो?

त्यासाठी तीन तपासण्या असतात. आपल्या नावाने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात, याची यादी कंपनी ‘एसपीएफ’द्वारे जाहीर करते. ‘डीकेआयएम’ ही डिजिटल स्वाक्षरी; वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. या तपासण्यांत ईमेल नापास झाला तर तो येऊ द्यायचा, स्पॅममध्ये टाकायचा की नाकारायचा, हे ‘डीमार्क’ सांगते. जीमेल खात्यांवर दिवसाला ५ हजार किंवा अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही बाबी बंधनकारक केल्या.

मग संशयास्पद ईमेल थेट पुसून का टाकत नाहीत?

कारण फिल्टरही चुकतो. एखादी खरी ऑर्डर किंवा नोकरीचा अर्ज गुपचूप पुसला गेला, तर पाठवणाऱ्याला तो पोहोचला असे वाटते आणि घेणाऱ्याला तो आल्याचेच कळत नाही. आधी स्वीकारून नंतर परत पाठवणेही घातक. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असल्याने ते ‘परतीचे टपाल’ भलत्याच निरपराध व्यक्तीवर जाऊन आदळते. म्हणून उघड स्पॅम, दोन सर्व्हरचा संवाद सुरू असतानाच, ‘५५०’ हा संकेतांक देऊन नाकारणे योग्य ठरते. चुकून खरा ईमेल अडला, तरी पाठवणाऱ्याला त्याच्याच सर्व्हरकडून सूचना मिळते आणि तो फोन करू शकतो. ज्यांच्याबाबत नुसती शंका आहे, ते ईमेल वेगळे ठेवून रोज तपासावेत.

एवढे केले की धोका टळतो?

नाही. एका अक्षराचा फरक असलेले डोमेन किंवा पुरवठादाराचे हॅक झालेले खरे खाते या तिन्ही तपासण्या पार करू शकते. त्यामुळे खाते बदलण्याची विनंती आल्यास जुन्या नोंदीतील क्रमांकावर फोन करून खात्री करावी. ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे गेलेच, तर लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे वळवली जाण्याआधी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते.