तीस बाटल्यांना गुण किती?

द्राक्षांचा आटवलेला रस, यीस्टची पुडी, गाळ खाली बसवणारी बेंटोनाइट माती आणि टिकाऊपणासाठी सल्फाइट एवढे साहित्य असलेल्या पेटीत पाणी घालून घरच्या घरी सुमारे 23 लिटर, म्हणजे तीसेक बाटल्या वाइन करण्याची पद्धत अमेरिका-कॅनडात चांगलीच रुळलेली आहे. अशा संचांना गुण देण्याचा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही.

इंदापूर तालुक्यातील बोरीसारख्या गावात द्राक्षाला शुगर किती भरली हे बागेतच कळते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर मण्याचा रस पिळला की विरघळलेल्या साखरेचे प्रमाण ब्रिक्स या एककात दिसते आणि बागायतदाराने मोजले काय किंवा व्यापाऱ्याने, आकडा जवळपास तोच येतो. वाइनच्या चवीला अशी काच नाही. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या स्पर्धेत एकाच बाटलीतील वाइन परीक्षकांपुढे नकळत तीनदा ठेवली असता जेमतेम दहा टक्के परीक्षकांचे गुण एकाच पदकश्रेणीत राहिले, असे रॉबर्ट हॉजसन यांनी 2008 मध्ये दाखवून दिले; जाणकारांची ही गत, तर स्वतः महिनाभर खपून केलेली वाइन चाखणाऱ्याच्या निवाड्यावर किती विसंबावे?

त्यातही चाखली जाते ती नुसती पेटी नसते, कारण तिच्यात करणाऱ्याची स्वच्छता, घरचे पाणी आणि हवामान हे सगळे उतरलेले असते. साखरेचे मद्यार्क करणारे यीस्ट 20 ते 25 अंश सेल्सिअसला नीट काम करते. बारामतीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हीच क्रिया भडकते, फळाचा सुगंध उडतो आणि कधी यीस्ट अर्ध्यावरच मरून साखर तशीच राहते. दोष उन्हाळ्याचा, गुण कापले जातात पेटीचे. शिवाय पेटीवर चार-सहा आठवड्यांचा वायदा असला तरी लाल वाइनचा तुरटपणा निवायला कित्येक महिने लागतात, आणि बहुतेकांना तेवढा धीर नसतो.

तुलना न्याय्य व्हायची तर दोन संच एकाच तापमानात, एकाच पाण्यात, एकाच हाताने करून सहा महिन्यांनी नावे झाकून चाखायला हवेत. बारामती-इंदापुरात त्याला कायदाही आडवा येतो, कारण 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना घरी वाइन करणे हा गुन्हा आहे. उरते ती शेजारच्या दौंड तालुक्यातील रोटी येथे उभारलेल्या फोर सीझन्ससारखी परवानाधारक वाइनरी. पण तेथील पोलादी टाक्या थंड ठेवलेल्या असतात, तेव्हा तेथे मिळालेले गुण घरच्या पिंपातील वाइनला लागू पडणार नाहीत.